आज्जाचं तळं नावावर आलं, आता पुढं काय?

सप्टेंबर २०२१ मध्ये भुदरगड तालुक्यातला मेघोलीचा लघुपाटबंधारे तलाव रात्रीच्या वेळी फुटला. एका बाईचा जीव गेला, जनावरं वाहून गेली, ओढ्याकाठची पिकं मातीसकट गेली. दुसऱ्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "आपल्याबी तळ्याचा बांध तसलाच मातीचा न्हवं? फुटला तर खाली कोण कोण हाय?"

मला उत्तर देता आलं नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर आज्जानं गडी लावून घातलेला तो बांध. उंची सहा मीटर, लांबी नव्वदेक मीटर, भरला की हेक्टरभर पाणी. आधी वडिलांच्या नावावर, आता आम्हा दोघा भावांच्या. आमच्या लेखी तळं म्हणजे म्हशी धुवायची आणि मार्चपर्यंत उसाला पाणी पाजायची जागा. त्याला कायदा असतो, त्याची तपासणी असते, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

पुढची तीन वर्षं तहसील, भूमी अभिलेख, जलसंधारण, पाटबंधारे अशी फिरती केली. कापशीच्या चपलांचे दोन जोड झिजले. मी इंजिनिअर नाही आणि वकीलही नाही, ऊस लावणारा माणूस आहे. पण वारसानं, वाटणीनं किंवा खरेदीत असं तळं तुमच्याकडं आलं असेल, तर माझे हेलपाटे तरी तुम्हाला पडू नयेत म्हणून हे क्रमानं लिहितोय.

१. तुमचं ते नक्की आहे काय, हे ठरवा

गावात सगळ्यालाच 'तळं' म्हणतात, कचेरीत तसं चालत नाही. जमिनीत खोदलेलं, बहुतेक वेळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं ते शेततळं. ओढ्यावर दगडी खांब आणि मधे बर्गे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवलेला तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना पाझर फुटावा म्हणून घातलेला तो पाझर तलाव. कृषी खात्यानं ओघळीवर घातलेला छोटा भराव म्हणजे माती नालाबांध. आणि ओढा किंवा ओघळ अडवून कुणीतरी स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या रानात मातीचा भराव घालून पाणी साठवलं असेल, तर ते खाजगी मातीचं धरण. आकारानं कितीही लहान असू दे, त्याचं वागणं धरणासारखंच असतं. हा लेख फक्त या शेवटच्या प्रकाराबद्दल आहे.

अर्जात चुकून 'शेततळे' लिहिलंत तर तुमचा कागद कृषी खात्याच्या टेबलावर जाऊन बसतो. माझा दोन महिने तिथंच होता.

२. ते खरंच तुमचं आहे का, हे तपासा

ही पायरी लोक सोडतात, कारण सगळ्यांना उत्तर माहीत असल्यासारखं वाटतं. सातबारा, आठ-अ आणि जुने सगळे फेरफार काढा. मग तीन गोष्टी बघा.

पहिली, इतर हक्काचा रकाना. रोजगार हमीतून झालेले कितीतरी पाझर तलाव आज लोक 'आमच्या आज्जाचं तळं' म्हणून सांगतात आणि सातबाऱ्यावर मात्र तलावासाठी संपादन झाल्याची नोंद असते. तसं असेल तर तळं तुमचं नाही. तुम्ही हात लावायचा नाही, दुरुस्तीसाठी संबंधित विभागाकडं लेखी मागणी करायची. याच रकान्यात 'खाजगी वन' किंवा 'राखीव वन' असा शेरा दिसला तर कामाचा विचार तिथंच थांबवा आणि वनखात्याकडं जा. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगड या डोंगरकडच्या तालुक्यांत असे शेरे पुष्कळ आहेत.

दुसरी, पोटखराबा. पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे लागवडीला न येणारी खडकाळ वगैरे जमीन. 'ब' म्हणजे सार्वजनिक वापराची जागा: रस्ता, पाणंद, इतर लोकांच्या वापरातला ओढा किंवा तळं. तुमचा बांध ज्या ओढ्यावर आहे तो 'ब' वर्गात असेल, तर दोन्ही काठ तुमचे असले तरी ओढ्याचं पात्र तुमच्या एकट्याचं नाही.

तिसरी, मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत रीतसर अर्ज करून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि 'क' प्रत हातात पाडून घ्या. मोजणीदाराला आधीच सांगा की बांधाचा माथा, सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) आणि पाणी भरल्यावरची कड, तिन्ही नकाशावर घ्या. आमच्या मोजणीत कळलं की तळं पूर्ण भरलं की शेजाऱ्याच्या सहा गुंठ्यांत पाणी जातं. पन्नास वर्षं कुणी बोललं नव्हतं, कारण आज्जा आणि शेजाऱ्याचे वडील दोस्त होते. दोस्ती वारसानं येत नाही.

शेजाऱ्याची संमती नोटरीच्या कागदावर घेऊन खूश होऊ नका. उद्या त्यानं जमीन विकली की नवा मालक म्हणेल, मी कुठं सही केलीय? बुडिताचा हक्क दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेल्या दस्तानं घ्या आणि त्याचा फेरफार करून इतर हक्कात नोंद घाला.

३. कुठला कायदा लागतो आणि कुठला लागत नाही

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा कायदा देशभर ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. पण तो सगळ्या धरणांना लागत नाही. १५ मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात. १० ते १५ मीटरमधली येतात ती पुढच्यापैकी एखादी गोष्ट असेल तरच: माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान १० लाख घनमीटर, पुराचा विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, पाया विशेष अवघड, किंवा संकल्पचित्र नेहमीपेक्षा वेगळं.

उंची मात्र काठावरच्या जमिनीपासून मोजायची नसते. पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून माथ्यापर्यंत मोजायची. वरून आठ मीटर दिसणारा बांध पायापासून दहाच्या वर भरू शकतो. तुमचा आकडा सीमेच्या आसपास असेल तर पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या. राज्याची धरण सुरक्षितता संघटना नाशिकला आहे आणि या कायद्यात बसणाऱ्या धरणांचं काम तिच्याकडं जातं.

आमचा बांध सहा मीटरचा. कचेरीतला माणूस हसून म्हणाला, "पाव्हणं, तुमचं धरणच न्हाई कायद्यानं. जावा घरी निवांत."

मी खरंच निवांत घरी आलो, आणि तिथंच चुकलो. धरणाचा कायदा लागत नाही याचा अर्थ एवढाच की सरकारी माणूस दरवर्षी तपासायला येणार नाही. बांध फुटला तर जबाबदारी होती तिथंच राहते, आणि वाटून घ्यायला दुसरं कुणी नसतं. कारण बाकीचे कायदे लागतातच:

- महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. जी नदी, ओढा, तळं, वाहतं-साचलं पाणी कुणाच्या मालकीचं सिद्ध होत नाही ते शासनाचं. 'माझ्या रानातनं वाहतंय म्हणून माझं' हे इथं टिकत नाही.
- मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. नैसर्गिक वाहणारं पाणी बेकायदा अडवल्यानं शेताचं किंवा पिकाचं नुकसान होत असेल तर तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. वरच्या आणि खालच्या, दोन्ही शेजाऱ्यांच्या हातात हे हत्यार आहे.
- सुखाधिकार अधिनियम, १८८२. खालच्या माणसाची पाण्याची वहिवाट वीस वर्षं उघडपणे, हक्कानं आणि अखंड चालली असेल तर ती हक्क म्हणून उभी राहू शकते.
- भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम १५२. एखादं बांधकाम पडून लोकांना इजा होईल अशा अवस्थेत असेल तर प्रांत किंवा कार्यकारी दंडाधिकारी ते दुरुस्त करायचा किंवा हटवायचा आदेश काढू शकतात.
- भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम १०६. निष्काळजीपणानं माणूस दगावला तर पाच वर्षांपर्यंत कैद.

आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळाच. यावरचे दोन जुने खटले माझ्या वकिलांनी सांगितले, ते ऐकून डोळे उघडले. इंग्लंडात १८६८ साली ठरलेला रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला मुळात खाजगी तळ्याचाच. एका गिरणीवाल्यानं तळं बांधलं, पाणी खालच्या जुन्या बोगद्यांतून शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरलं. न्यायालय म्हणालं, धोकादायक गोष्ट जमिनीवर आणून साठवलीस, ती निसटली, तर चूक असो वा नसो, भर. पुढं १८७४ मध्ये मद्रास रेल्वे कंपनीनं कार्वेटनगरच्या जमीनदारावर केलेला दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला. अतिवृष्टीत जमीनदाराची तळी फुटून रेल्वेचं नुकसान झालं होतं. तिथं जमीनदार सुटला, कारण ती तळी पूर्वापार चालत आलेली, लोकांच्या उपयोगाची, ती राखणं हे त्याचं कर्तव्यच होतं, आणि त्याचा निष्काळजीपणा शाबीत झाला नाही.

वकील म्हणाले, "तुम्हाला कार्वेटनगरच्या बाजूला बसायचंय ना? मग तुम्ही काळजी घेत होता हे दाखवायला कागद पाहिजे." एक वही घाला. पुढं तिचा उल्लेख वारंवार येईल.

४. पाणी किती आणि खाली कोण, हे मोजा

साठ्याचा ढोबळ हिशेब सोपा आहे. भरल्यावरचं क्षेत्र गुणिले बांधाजवळची सर्वांत जास्त खोली, भागिले तीन. आमचं १०,००० चौरस मीटर गुणिले साडेचार मीटर भागिले तीन, म्हणजे १५,००० घनमीटर. दीड कोटी लिटर. राधानगरी धरणाच्या ८.३६ टीएमसीपुढं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) हे काहीच नाही. पण दहा हजार लिटरचे पंधराशे टँकर ओढ्यात एकदम उलटे केले तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणा.

मग ओढ्याच्या काठानं खाली चालत जा. चालतच जा, मोबाईलच्या नकाशावर बघून भागत नाही. आम्ही दोघे भाऊ तीन किलोमीटर गेलो. चार घरांची वस्ती, एक जनावरांचा गोठा, सहा मोटारी, रस्त्याची एक मोरी. पात्रापासून कुणाचा उंबरा किती उंच आहे ते बघितलं आणि प्रत्येक घरातल्या दोघांचे फोन नंबर घेतले. वस्तीवरच्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "इतक्या वर्सात वरनं कोण इचारायला आलं न्हवतं." लाज वाटली, ती वहीत लिहिली नाही.

५. सांडवा: इथं घाई करू नका

मातीच्या बांधावरून पाणी गेलं की संपलं. दगडी किंवा काँक्रीटचा बांध थोडा वेळ तग धरतो. मातीच्या बांधाची बाहेरची बाजू पाणी कुरतडत नेतं आणि काही तासांत भगदाड पडतं. म्हणून तळ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग भराव नाही, सांडवा आहे. आज्जाच्या पिढीला हे ठाऊक होतं. त्यांनी सांडवा बांधाच्या कुशीत न काढता बाजूला कठीण मुरमात काढलेला. आम्ही नातवंडांनी तो बिघडवला.

कसा, ते सांगतो. दिवाळीनंतर पाणी जास्त टिकावं म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचायची पद्धत आमच्याकडं पडली. अर्धा मीटर पाणी वाढतं, उसाला एक-दोन पाळ्या जास्त मिळतात. पुढच्या जूनमध्ये पोती काढायची कुणालाच आठवण राहत नाही, त्यावर गवत उगवतं, माती बसते, आणि चार वर्षांत तो 'कायमचा' सांडवा होतो. बांध तेवढाच राहिला, पाणी अर्धा मीटर वर आलं. शंभर तळी बघायला गेलात तर हा रोग निम्म्यांत तरी सापडेल असं माझं मत आहे. तुमच्याकडं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आज पोती काढा.

आता हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. आमचं पाणलोट ४० हेक्टर. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४०,००० घनमीटर, म्हणजे तळं अडीच वेळा भरेल एवढं. जुलैत जमीन आधीच भिजलेली असते, मुरतं थोडंच. आणि कोल्हापूर म्हणून सगळीकडं एकच आकडा धरू नका. शिरोळला वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशेच्या घरात, तर गगनबावड्याला पाच हजारांच्या पुढं. शिरोळच्या पाहुण्याच्या तळ्याचा सांडवा बघून शाहूवाडीत तसाच काढलात तर पहिल्याच जुलैत कळेल.

पण दिवसाच्या पावसापेक्षा तासाचा जोर घातक. इंजिनिअरनी आम्हाला साधं सूत्र दाखवलं: वाहून येण्याचं प्रमाण, गुणिले तासाला मिलिमीटर, गुणिले हेक्टर, भागिले ३६०. ०.६ गुणिले ६० गुणिले ४० भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला ४ घनमीटर. आमचा सांडवा तीन मीटर रुंद. त्यावरून साठ सेंटिमीटर जाडीचं पाणी चाललं तरी जेमतेम २.४ घनमीटर जाणार. उरलेलं बांधावरून. पन्नास वर्षं निभावलं ते नशिबानं, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. आम्ही सांडवा सहा मीटर रुंद केला.

हा हिशेब धोका कळण्यापुरता आहे. पावसाचा कुठला जोर धरायचा, ते सिव्हिल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या. लहान मातीच्या धरणांच्या संकल्पनासाठी आयएस १२१६९ हे भारतीय मानक १९८७ पासून आहे. ते माहीत आहे का असं विचारा. 'हे काय असतं' म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

आणखी दोन गोष्टी. सांडव्यावरून पूर चालू असतानाही बांधाचा माथा पाण्याच्या वर मीटरभर तरी राहिला पाहिजे. आणि सांडव्यातून बाहेर पडलेलं पाणी बांधाच्या पायथ्याला न घासता, शेजाऱ्याच्या रानात न शिरता, ओढ्यालाच मिळालं पाहिजे. शेवटचे वीस मीटर चर खोदायचा कंटाळा केला की पुढच्या पावसात पायथा उघडा पडतो.

६. बांध बघायला शिका

वर्षातून चारदा: कर्नाटकी बेंदराच्या आधी, जुलैत तळं पहिल्यांदा भरल्यावर, गौरी-गणपतीत आणि दसऱ्याला. सण धरले की विसरत नाही, तारीख धरली की विसरतो. जोराचा पाऊस झाला की त्याशिवाय एकदा.

पहिल्या पाहणीआधी गवत कापून घ्या, नाहीतर काहीच दिसत नाही. माथ्यावरून एका टोकाला उभं राहून सरळ रेषेत बघा. मधे कुठं बसलेलं दिसलं तर तिथनंच पाणी वरून जाणार. म्हशी ज्या वाटेनं पाण्यावर जातात तिथं माथा हमखास खचलेला असतो. उसाच्या ट्रॉल्या बांधावरून नेऊ देऊ नका. साखर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत चाकोऱ्या गुडघाभर होतात.

भेगा बघा. बांधाच्या लांबीनं गेलेली भेग वाईट, आडवी, म्हणजे पाण्याच्या बाजूनं बाहेर गेलेली भेग त्याहून वाईट. खेकड्यांची, घुशींची बिळं, वारुळं मोजा. रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा खापर खेकड्यांवर फोडलं गेलं आणि त्यावर पुष्कळ विनोद झाले. बीळ म्हणजे पाण्याला आयती वाट हे खरंच, पण ते बुजवायचं काम मालकाचं असतं, खेकड्याचं नव्हे.

झाडं. बाभूळ, निलगिरी, शेवरी, आणि आता फार्महाऊसवाल्यांनी आणलेली नारळाची रांग. बांधावर झाड नको. झाड मेलं की मुळं कुजतात आणि आत नळ्या तयार होतात. मोठं झाड असेल तर नुसतं तोडून बुंधा ठेवू नका, आणि मुळासकट उपटून खड्डाही ठेवू नका. पाणी उतरल्यावर मुळं काढून थराथरानं माती भरून ठोकून घ्या. बांधावर हरळी असू दे, तिच्याइतकी राखणदार दुसरी नाही.

सगळ्यांत लबाड जागा म्हणजे पाइप. मोटारीचा किंवा सायफनचा पीव्हीसी पाइप न्यायला कुणीतरी मधेच बांध चिरतो, पाइप टाकतो आणि फावड्यानं माती ओढतो. पाइपाच्या अंगाला माती कधी नीट बसत नाही. त्या फटीतनं पाणी धार धरतं. पाइप न्यायचाच असेल तर माथ्यावरून न्या.

७. ओल दिसली, पाणी झिरपलं तर

मातीचा बांध थोडा पाझरतोच. पायथ्याला ओल आहे म्हणून घाबरू नका. पाण्याचा रंग बघा. काचेच्या ग्लासात भरून उन्हात धरा. नितळ असेल आणि दर आठवड्याला तेवढंच येत असेल तर वहीत नोंद करा. गढूळ असेल, किंवा नितळ असूनही वाढत असेल, तर आतली माती वाहून चालली आहे. मग तास मोजायचे, दिवस नाही.

अशा वेळी लोक बाहेरच्या बाजूनं चिकणमाती थापून भोक बंद करतात. ही सर्वांत मोठी चूक. आत कोंडलेलं पाणी दुसरीकडून, जास्त जोरानं फुटतं. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. उगमावर आधी जाड वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी आणि दगड, अशी उलटी गाळणी रचायची. यासाठी अर्धा ब्रास वाळू आणि एक ब्रास खडी आम्ही जूनपासूनच बांधाजवळ टाकून ठेवतो. भर पावसात डंपर पाणंदीत रुततो, हे सांगायला नको.

सोबत पाणी उतरवायला घ्या: विमोचक (तळ्यातलं पाणी सोडायचं दार) उघडा, मोटारी लावा, सायफन चालू करा. धोका तातडीचा नसेल तर हळूहळू उतरवा, कारण एकदम पाणी गेलं की आतला भिजलेला उतार घसरतो. आणि कुणीही कितीही आग्रह केला तरी जेसीबीनं बांध मधोमध फोडून 'पाणी सोडू' नका. ती नियंत्रणात राहणारी गोष्ट नाही.

खालच्या वस्तीला फोन आधी, बाकी सगळं नंतर. मग पोलीस पाटील, तलाठी आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. उगाच बोभाटा होईल या भीतीनं थांबू नका.

८. दुरुस्ती काढताना

काम जानेवारी ते एप्रिल. वळवाच्या आधी भराव पुरा झाला पाहिजे, मिरगाची वाट बघायची नाही.

माती कुठली आणता ते आधी ठरवा. मुरूम, माती हे गौण खनिज आहे. परवानगीशिवाय उत्खनन केलं तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि गाड्या जप्त. 'माझ्याच रानातली माती माझ्याच बांधाला' असं असलं तरी तहसीलदारांना अर्ज देऊन पोच घ्या. दुसऱ्या गटातून आणणार असाल तर परवाना हातात आल्याशिवाय पोकलेन बोलवू नका. आमच्या गाड्या सर्कलनी, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यांनी, एकदा अडवल्या होत्या. अर्जाची पोच खिशात होती म्हणून सुटलो.

डोंगरकडच्या तांबड्या जांभ्या मातीतून पाणी लवकर पाझरतं. गाभ्याला काळी किंवा चिकण माती, बाहेरून मुरमाचं आवरण, पाण्याच्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर. जुन्या उतारावर नुसती माती ओतली तर ती सालीसारखी सुटून येते. आधी पायऱ्या कापा, गवत-मुळं खरवडा, मग पंधरा ते वीस सेंटिमीटरचे थर, पाणी मारून रोलरनं दाबलेले. 'ट्रॅक्टर फिरवला की बसतंय' म्हणणारा ठेकेदार आम्हालाही भेटला होता. पहिल्याच पावसात त्यानं घातलेला भराव हातभर खाली बसला. पैसे परत मिळाले नाहीत.

९. जवळ ठेवायचे कागद

एका फाइलमध्ये: सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, 'क' प्रत, गाव नकाशा, शेजाऱ्यासोबतचा नोंदणीकृत दस्त, इंजिनिअरचा अहवाल आणि सांडव्याचा हिशेब, गौण खनिजाचा अर्ज व परवाना, दुरुस्तीच्या आधीचे-नंतरचे फोटो, प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. जुनी सरकारी फाइल हवी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ग्रामपंचायतीचा ठराव लोक परवानगी समजून फ्रेम करतात. तो गावाची हरकत नसल्याचा कागद आहे, त्याहून जास्त काही नाही.

१०. नवीनच घालायचा विचार असेल तर

शक्यतो घालू नका, असं मी सरळ सांगतो. ओढा न अडवता शेततळं करा, अनुदानाची सोयही त्यालाच आहे. तरीही घालायचाच असेल तर एक खिडकी नाही, तीन दारं आहेत: तहसीलदार, जलसंधारण किंवा पाटबंधारे विभागाचं लेखी ना-हरकत, आणि वन शेरा असेल तर वनखातं. तिन्ही कागद आल्याशिवाय फावडं मारू नका. कारण हरकत नेमकी भराव पूर्ण झाल्यावर येते.

११. वहीत काय लिहायचं

तारीख, पाण्याची पातळी, पाऊस, पाझराचा रंग, काय दिसलं, काय केलं, कोण सोबत होतं. दोन ओळी पुरतात. पातळीसाठी आम्ही पिचिंगच्या एका उभ्या दगडावर दर दहा सेंटिमीटरला पांढरा पट्टा मारलाय. सांडव्याच्या उंबऱ्यावर तीस सेंटिमीटर पाणी चढलं की जिथं येतं, तिथं लाल पट्टा. तो बुडाला की आम्हा दोघांपैकी एकानं बांधावर थांबायचं, रात्र असली तरी.

आईला लिहिता-वाचता येत नाही. पण लाल पट्टा सोप्यातनं दिसतो. गेल्या जुलैत पहाटे तिनंच हाक मारली, "उठा रं, तांबडं दिसंना झालंय." पट्टा सकाळी नऊला परत वर आला. वहीत तशी नोंद आहे, आणि खाली चार घरांना केलेल्या फोनची वेळ.